वुजू राहिला की गेला? नव्याने नमाज सुरू करणाऱ्यांसाठी पाकीची ओळख

माझ्या सासूबाईंनी कधी नमाज चुकवली नव्हती. खुब्याचं हाड मोडून त्या दवाखान्यात पडल्या, लघवीची पिशवी लागली आणि त्यांनी नमाज सोडली. "ही पिशवी अंगाला लटकलेली, मी पाक कुठं राहिले?" असं म्हणून भिंतीकडे तोंड करून पडायच्या. तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी मोहल्ल्याचे मौलाना बघायला आले. त्यांनी सांगितलं, "अम्मा, तुम्ही माजूर आहात. वक्त सुरू झाला की वुजू करा, पाणी जमत नसेल तर तयम्मुम करा आणि पडल्या पडल्या इशाऱ्याने पढा. पिशवी राहू दे." (माजूर म्हणजे आजारामुळे सवलत असलेला माणूस; वक्त म्हणजे नमाजेची वेळ; वुजू म्हणजे नमाजेआधी ठरलेले अवयव धुणं; तयम्मुम म्हणजे पाण्याऐवजी मातीने पाकी.) सासूबाई रडायलाच लागल्या. पिशवीपेक्षा त्या तीन दिवसांचंच त्यांना जास्त लागलं होतं.

आमच्या गल्लीत नव्याने नमाज शिकणाऱ्या बायका-मुली माझ्याकडे येतात. त्यांच्यातही हीच भीती दिसते. अंगावर बाळ ओकलं, पांढरं गेलं, वुजू आठवेना, की नमाज पुढे ढकलायची. खरं तर पाकी नमाजेकडे जाण्यासाठी आहे. सूरह माइदाच्या ज्या ६व्या आयतीत वुजू, गुसल (सगळ्या अंगाची पाक अंघोळ) आणि तयम्मुम हे तिन्ही सांगितले आहेत, तिच्याच शेवटी अल्लाहला तुम्हाला अडचणीत टाकायचं नाही, पाक करायचं आहे, असं म्हटलं आहे. पुढचं सगळं वाचताना हे वाक्य मनात असू द्या.

आधी मसलकाबद्दल, म्हणजे धर्माचे नियम पाळायच्या वेगवेगळ्या पद्धतींबद्दल, सांगते. माझं माहेर दापोलीकडचं, म्हणजे शाफई. सासर सोलापूरचं, हनफी. अरबी समुद्रावरच्या व्यापारातून इस्लाम आलेल्या कोकण, भटकळ, मलबार या पट्ट्यात शाफई पद्धत चालते. घाटावर बहुतेक ठिकाणी हनफी. दोन्हींचा पाया एकच, पण तपशिलात फरक आहेत. लग्नानंतर पहिल्या महिन्यात माझा वुजू कशाने जातो आणि नवऱ्याचा कशाने, यावर आमच्या घरात रोज चर्चा व्हायची. म्हणून जिथे फरक आहे तिथे दोन्ही सांगते. तुम्ही ज्या पद्धतीने शिकताय ती धरा. शिया, बोहरा किंवा अहले हदीस घरातल्यांनी आपापल्या आलिमांना (धर्माच्या जाणकारांना) विचारावं.

पहिली पायरी: दोन गोष्टी वेगळ्या ओळखा

नापाकी दोन प्रकारची असते. एक नजासत, म्हणजे घाण वस्तू: लघवी, शी, वाहिलेलं रक्त. ती जिथे लागली तिथून धुतली की संपली. दुसरी हदस. ती वस्तू नसते, माणसाची अवस्था असते. वारा सरला तर अंगाला काही लागत नाही, तरी वुजू जातो. लहान हदस वुजूने जाते, मोठी गुसलने.

हे दोन वेगळे आहेत हे कळलं की निम्मे प्रश्न सुटतात. तुम्ही वुजू करून बसलात आणि नातवाने मांडीवर शू केली. वुजू गेला का? नाही. साडी बदला, मांडी धुवा आणि नमाजेला उभ्या राहा. वाटेत पाय शेणात पडला तर पाय धुवायचा, वुजू तसाच आहे. तुमच्या शरीरातून काही बाहेर पडलं नाही, बाहेरचं येऊन लागलं आहे.

आणि हदस असलेला माणूस अस्पृश्य होत नाही. हजरत अबू हुरैरा यांच्यावर गुसल फर्ज (सक्तीचा) होता, म्हणून ते पैगंबरांना (स., म्हणजे त्यांच्यावर अल्लाहची कृपा आणि शांती असो) पाहून रस्त्यातून हळूच निसटले आणि अंघोळ करून परत आले. कारण कळल्यावर पैगंबर (स.) म्हणाले, "सुबहानल्लाह, मोमिन नापाक होत नसतो." आपल्या पत्नी हजरत आयशांना त्यांनी एकदा मशिदीतून चटई द्यायला सांगितली. त्या म्हणाल्या, मला पाळी आहे. उत्तर मिळालं, "तुझी पाळी तुझ्या हातात नाही." आपल्याकडे काही मुसलमान घरांतसुद्धा पाळीच्या दिवसांत सुनेला चुलीपासून लांब बसवतात, तिचं ताट वेगळं ठेवतात. ही चाल आजूबाजूच्या रिवाजातून आलेली आहे. दीनमध्ये तिला आधार नाही. तिने भाकऱ्या थापाव्यात, लोणच्याच्या बरणीत हात घालावा, सगळ्यांबरोबर जेवावं.

अंग, कपडा आणि जागा

नमाजेसाठी या तिन्ही गोष्टी नजासतीपासून पाक हव्यात. माणसाची लघवी आणि शी, वाहतं रक्त, पू, तोंडभर उलटी, दारू, कुत्र्याची लाळ आणि डुक्कर, या नजासती लक्षात ठेवा. घाम, थुंकी, शेंबूड, आसवं आणि आईचं दूध पाक आहे. नव्या आया विचारतात म्हणून सांगते, दुधाने भिजलेल्या ब्लाउजवर नमाज होते. मांजर कपड्याला घासून गेली तरी काही होत नाही. ती तुमच्या घरात वावरणाऱ्यांपैकी आहे, असं हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांत) आलं आहे. कुत्र्याने भांडं चाटलं तर शाफई सात वेळा धुतात, त्यातली एक वेळ मातीने. हनफींमध्ये तीन वेळा धुणं पुरतं.

कपडा धुताना दिसणारी नजासत आधी काढून टाका. नंतर रंगाची छटा उरली आणि साबणाने घासूनही निघेना, तर ती माफ आहे. न दिसणारी असेल, वाळलेल्या लघवीसारखी, तर हनफी पद्धतीत तीन वेळा धुऊन प्रत्येक वेळी पिळतात. शाफई पद्धतीत त्या जागेवरून पाणी नीट वाहून गेलं की झालं. एक सवय मात्र लावून घ्या. कपड्यावर पाणी ओता, बादलीत कपडा बुडवू नका. बादलीभर पाण्यात शूचं लंगोट पडलं की ते सगळं पाणीच नापाक होतं, आणि त्यात पुढे टाकलेला स्वच्छ कपडाही. वॉशिंग मशीनचंही तेच. बाळाचा कपडा आधी नळाखाली खळखळून काढा, मग बाकीच्यांत टाका.

ओतण्याची ही रीत मदिनेच्या मशिदीतही दिसते. एका खेडूत अरबाने मशिदीतच लघवी केली. लोक त्याच्यावर धावून गेले. पैगंबरांनी (स.) त्यांना थांबवलं, त्याचं होऊ दिलं आणि त्या जागेवर पाण्याचा डोल ओतायला लावला. पैगंबर (स.) मात्र त्याच्यावर रागावले नाहीत. नव्या माणसाशी कसं वागायचं हेही इथेच शिकायला मिळतं. आमच्या जुन्या नमाजी बायकांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

हनफींमध्ये पातळ नजासत तळहाताच्या खोलगट भागाएवढी किंवा त्याहून कमी राहिली आणि कळलं नाही, तर नमाज होते. पण दिसल्यावर मुद्दाम तशीच ठेवू नये. पावसाळ्यात रस्त्याच्या चिखलाचे शिंतोडे सलवारीवर उडणारच. त्यात घाण दिसत नसेल तर ते माफ आहेत, दोन्हीकडे. गावाकडे शेणाने सारवलेल्या जमिनीवर नमाज पढायची असेल तर सारवण वाळू द्या आणि त्यावर कोरडी चटई किंवा जानमाज अंथरा.

संडासातून बाहेर पडताना

याला इस्तिंजा म्हणतात. डाव्या हाताने, पाण्याने. किबल्याकडे (मक्केतल्या काबाच्या दिशेला) तोंड किंवा पाठ करून बसू नये. पाणी नसेल तर पुसूनही पाकी होते. पूर्वी त्यासाठी दगड किंवा मातीची ढेकळं वापरायचे, आता टिश्यू. किमान तीनदा पुसावं. परदेशात शिकायला गेलेल्या मुलांना तिथल्या संडासात पाणी मिळत नाही, त्यांनी एक लहान बाटली जवळ ठेवावी.

लघवीनंतर घाईने उठू नका. थेंब थांबू द्या; थोडं खाकरा, दोन पावलं चाला. लघवीच्या शिंतोड्यांपासून न जपणाऱ्या माणसाला कबरीत अजाब (यातना) होत असल्याची हदीस प्रसिद्ध आहे, म्हणून इथे निष्काळजीपणा नको. पण दहा-दहा मिनिटं बसून राहणंही नको. त्याबद्दल पुढे बोलते.

वुजू, नळापासून टाचेपर्यंत

हनफींमध्ये वुजूचे फर्ज चार: चेहरा धुणं, कोपरांसह हात धुणं, डोक्याच्या किमान चौथ्या हिश्श्यावर मसह (ओला हात फिरवणं) आणि घोट्यांसह पाय धुणं. शाफईंमध्ये सहा, कारण नीयत (मनातला इरादा) आणि हाच क्रम हेही फर्ज आहेत. बाकीचं सुन्नत, म्हणजे पैगंबरांची (स.) रीत, आहे. पण पहिल्या दिवसापासून पूर्ण पद्धतच शिका.

१. मनात नीयत करा, बिस्मिल्लाह म्हणा. नीयत तोंडाने म्हणायलाच हवी असं नाही. शाफई असाल तर चेहऱ्याला पाणी लावताना ती मनात असायला हवी.

२. मनगटांपर्यंत दोन्ही हात तीनदा.

३. मिस्वाक किंवा ब्रश, मग तीन गुळण्या.

४. उजव्या हाताने नाकात पाणी, डाव्याने नाक साफ. रोजा असेल तर पाणी वर ओढू नका.

५. चेहरा तीनदा. केस उगवतात तिथपासून हनुवटीच्या खालपर्यंत आणि एका कानाच्या पाळीपासून दुसऱ्या पाळीपर्यंत. बायका कानाजवळची पट्टी कोरडी ठेवतात, कारण ओढणी भिजेल ही काळजी. ओढणी मागे सारा. पुरुषांची दाढी विरळ असेल तर खालच्या कातडीला पाणी पोचायला हवं. दाट असेल तर ओल्या बोटांनी खिलाल करावा, म्हणजे बोटं दाढीतून फिरवावीत.

६. आधी उजवा, मग डावा हात, कोपरांसह, तीनदा. बांगड्या वर सरकवा, घट्ट अंगठी फिरवा. कोपराचं हाड हमखास कोरडं राहतं. पाणी बोटांकडून सोडून हात वर धरला की ते आपोआप कोपरावरून ओघळतं.

७. हात ओले करून डोक्यावर मसह. शाफईंमध्ये थोड्या केसांना ओला हात लागला तरी फर्ज होतो, तरी पूर्ण डोक्यावरून हात फिरवणं उत्तम. त्यानंतर कान: तर्जनी आतून, अंगठा मागून.

८. घोट्यांसह पाय. डाव्या हाताच्या करंगळीने बोटांच्या बेचक्या साफ करा. आणि टाच! प्रवासात घाईने वुजू करणाऱ्या साथीदारांच्या कोरड्या टाचा पाहून पैगंबरांनी (स.) मोठ्या आवाजात इशारा दिला होता, "टाचांची आगीत खराबी आहे." थंडीत टाचांना भेगा पडतात, लोक त्यात मेण भरतात. मेणाचा थर पाणी अडवतो, तो निघत असेल तर काढा. मलम नुसतं चोपडलेलं असेल तर हरकत नाही.

पाणी अडवणारा थर असला की वुजू होत नाही, त्याचा रंग अडवत नाही. म्हणून मेंदी चालते, नेलपॉलिश नाही. केसांचं तेल चालतं. एकदा जुहरच्या वेळी एक बाई घाईघाईने भाकऱ्या आटपून आल्या. वुजू झाला, आमीन म्हणून त्या निघाल्या. मी त्यांचा हात हातात घेतला तर अंगठ्याच्या नखाच्या कडेला ज्वारीचं पीठ सुकून पांढरं चिकटलेलं. नखाने खरवडलं, खालची कातडी कोरडीठाक. त्यांना वाटलं आता सगळं पुन्हा. हनफी होत्या, तेवढीच जागा धुतली आणि वुजू पूर्ण झाला. जुन्या हनफी ग्रंथांत अंगाला चिकटलेल्या माशाच्या कातडीचं आणि सुकलेल्या चावलेल्या भाकरीचं उदाहरण अगदी असंच दिलं आहे. मासळी साफ करणाऱ्या माझ्या माहेरच्या बायका हात तोंडाजवळ धरून एकेक खवला निरखून काढतात. गवंडी, रंगारी यांनीही आधी सिमेंट-रंग काढायचा प्रयत्न करावा. जो कातडी सोलल्याशिवाय निघत नाही, त्यासाठी स्वतःला इजा करायची नाही.

पाणी किती? पैगंबर (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करायचे. मुद्द म्हणजे साधारण पाऊण ते एक लिटर. गुसल एका साअमध्ये, फार तर पाच मुद्दमध्ये. एक साअ म्हणजे चार मुद्द. सोलापुरात उन्हाळ्यात नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे आमच्याकडे लोट्याने वुजू करायची सवय टिकून आहे. नळावर शिकलेल्यांनी एकदा तरी एक लिटरची बाटली घेऊन वुजू करून पाहावा. पाणी पुरून उरतं.

वुजू कशाने जातो

पुढच्या-मागच्या वाटेने काहीही बाहेर आलं, लघवी, शी, वारा, की जातो. आडवं होऊन गाढ झोप लागली, बेशुद्धी आली, तर जातो. इथपर्यंत सगळे एक आहेत. बसल्या बसल्या डुलकी लागली तर जात नाही. इशाच्या नमाजेची वाट पाहताना सहाबांच्या (पैगंबरांच्या साथीदारांच्या) माना डुलायच्या आणि ते तसेच उठून नमाज पढायचे.

पुढे वाटा वेगळ्या होतात. हनफींमध्ये रक्त किंवा पू निघून जागेवरून वाहिला तर वुजू जातो, तोंडभर उलटीने जातो, आणि मोठ्या माणसाने नमाजेत खदखदून हसलं तरी जातो. रक्ततपासणीला सिरिंजमध्ये रक्त काढलं की हनफींना नवा वुजू लागतो. शाफईंमध्ये या कशानेही वुजू जात नाही, रक्त फक्त धुवायचं. पण शाफईंमध्ये ज्याच्याशी लग्न होऊ शकतं अशा परक्या स्त्री-पुरुषाची कातडी कातडीला लागली, तर वुजू जातो, आणि यात नवरा-बायकोही आले. तळहाताने गुप्तांगाला स्पर्श झाला तरी जातो. हनफींमध्ये नुसत्या स्पर्शाने जात नाही. चहाचा कप देताना नवऱ्याचं बोट लागलं की मी पुन्हा वुजू करायला जायची, आणि सासूबाई काळजीने विचारायच्या, "बेटा, काही दुखतंय का?"

बाळाला पाजल्याने, नखं कापल्याने, रडल्याने, कपडे बदलल्याने वुजू जात नाही. पांढरं जाणं हा बायकांचा नेहमीचा प्रश्न. आतून येणारं पाणी वुजू घालवतं, गुसल लावत नाही. फक्त बाहेरच्या भागाचा ओलावा असेल तर तो घामासारखाच समजतात. रोजच खूप जात असेल तर खाली माजूरबद्दल लिहिलं आहे ते वाचा.

गुसल

गुसल फर्ज होतो तो संबंधानंतर, वीर्य बाहेर आलं नाही तरी. वीर्यस्खलनाने, झोपेत झालं तरी. पाळी संपल्यावर आणि बाळंतपणाचं रक्त थांबल्यावर. स्वप्न पडलं पण कपड्यावर काहीच नाही, तर गुसल नाही. हजरत उम्मे सुलैम यांनी बाईला असं स्वप्न पडलं तर काय, हे पैगंबरांना (स.) थेट विचारलं होतं. उत्तर मिळालं, हो, पाणी दिसलं तर गुसल आहे. उत्तेजनेत येणारा पातळ चिकट स्राव, मजी, याने फक्त वुजू जातो. हजरत अली यांना हा त्रास होता. पैगंबरांचे (स.) जावई, म्हणून स्वतः विचारायला संकोच वाटला, तेव्हा त्यांनी हजरत मिकदाद यांना विचारायला पाठवलं. तुम्हालाही लाज वाटत असेल तर दुसऱ्याकरवी विचारा. पण विचारा.

आधी हात, मग गुप्तांग धुवा, अंगाला लागलेलं काढा, नमाजेसारखा वुजू करा, डोक्यावर तीनदा पाणी, मग उजवा खांदा, डावा खांदा, सगळं अंग. बेंबी, काखा, कानांमागे, स्तनांखाली हात फिरवा. हनफींमध्ये तोंडात चूळ आणि नाकात पाणी हे इथे फर्ज आहेत, विसरलात तर गुसल होत नाही. शाफईंमध्ये नीयत आणि सगळ्या अंगाला पाणी. शॉवरखाली उभं राहिलं तरी चालतं. वेणी सोडायची का, असं हजरत उम्मे सलमांनी विचारलं होतं. डोक्यावर तीन ओंजळी पाणी घालणं पुरेल, असं त्यांना सांगितलं. हनफी बायकांनी केसांच्या मुळांना पाणी पोचवलं की वेणी तशीच ठेवता येते. शाफईंनी आत पाणी जात नसेल तर सोडावी. गुसलनंतर वेगळा वुजू लागत नाही. ज्याने नुकताच इस्लाम स्वीकारला आहे त्यानेही गुसल करावा.

पाळी आणि बाळंतपण

या दिवसांत नमाज नाही, आणि ती पुढे भरून काढायचीही नाही. रोजे मात्र नंतर ठेवायचे. हनफींमध्ये पाळी कमीत कमी ३ दिवस, जास्तीत जास्त १०. शाफईंमध्ये कमीत कमी एक दिवस-रात्र, जास्तीत जास्त १५. बाळंतपणानंतर जास्तीत जास्त हनफी ४० दिवस, शाफई ६०. हे वरचे आकडे आहेत. सव्वा महिना पाळायलाच हवा असं समजून विसाव्या दिवशी रक्त थांबलेली बाई चाळीस दिवस नमाज सोडून बसते, ते चूक आहे. थांबलं की गुसल करा आणि नमाज सुरू करा.

या हद्दीपलीकडे चालू राहिलेलं रक्त म्हणजे इस्तिहाजा. त्यात नमाज माफ नाही. हजरत फातिमा बिन्ते अबी हुबैश यांना रक्त थांबतच नव्हतं. पैगंबरांनी (स.) सांगितलं, ती एक शीर आहे, पाळी नव्हे. दर महिन्याच्या तारखा कॅलेंडरवर वेळेसकट लिहून ठेवा. अडचण आली की आलिम पहिल्यांदा तुमची नेहमीची सवयच विचारतात.

पाणी नसेल किंवा चालत नसेल

एका प्रवासात हजरत आयशांचा हार हरवला. शोधण्यात काफिला थांबला, तिथे पाणी नव्हतं आणि तेव्हाच तयम्मुमची आयत उतरली. पाणी नाही, आहे पण पिण्यापुरतंच, किंवा पाण्याने आजार वाढेल, तर तयम्मुम. नीयत करा, दोन्ही तळवे मातीवर मारा, झटका, चेहऱ्यावरून फिरवा. पुन्हा मारा, कोपरांसह दोन्ही हातांवरून फिरवा. डोकं, पाय काही नाही. वुजूसाठी आणि गुसलसाठी तयम्मुम हाच. हजरत अम्मार यांना गुसलची गरज पडली तेव्हा ते जनावरासारखे मातीत लोळले होते, पैगंबरांनी (स.) हात जमिनीवर मारून दाखवले आणि एवढंच पुरे होतं म्हणून सांगितलं.

हनफींमध्ये दगड, वाळू, भाजलेली वीट चालते, धूळ नसली तरी. ऑइलपेंटची भिंत चालत नाही. सासूबाईंसाठी आम्ही शहाबादी फरशीचा वहीएवढा तुकडा उशाशी ठेवला होता. शाफईंना धूळ उडणारी माती लागते, वक्त सुरू झाल्यावर करावा लागतो आणि प्रत्येक फर्ज नमाजेला नवा तयम्मुम. माझ्या वडिलांसाठी डब्यात चाळलेली माती असायची.

प्लॅस्टर असेल तर त्यावरून ओला हात फिरवायचा आणि बाकीचे अवयव धुवायचे. शाफईंमध्ये सोबत तयम्मुमही करतात. हट्टाने पट्टी सोडू नका. डोक्याला जखम झालेल्या एका माणसाला सोबत्यांनी तयम्मुमची सवलत नाही म्हणून सांगितलं, त्याने अंघोळ केली आणि तो दगावला. पैगंबर (स.) त्या सोबत्यांवर फार नाराज झाले.

माजूर

थेंब थांबत नाहीत, वारा आवरत नाही, रक्त चालूच आहे, पिशवी लागली आहे. एका नमाजेच्या पूर्ण वक्तात वुजू करून फर्ज पढण्याइतकीही उसंत मिळाली नाही, तर हनफींमध्ये तो माणूस माजूर. त्याने प्रत्येक वक्ताला एक वुजू करायचा. तो त्रास चालू असला तरी वक्त संपेपर्यंत वुजू टिकतो. दुसऱ्या कारणाने मात्र जातो. शाफईंमध्ये वक्त लागल्यावर धुऊन, पॅड बांधून, वुजू करून लगेच फर्ज पढतात, आणि प्रत्येक फर्जला नवा वुजू. घरात म्हातारं माणूस असेल तर हे त्याला तुम्ही सांगा. ते आपणहून विचारत नाहीत.

शंका

एक कॉलेजातली मुलगी माझ्याकडे यायची. वुजूला अर्धा-अर्धा तास. तळव्यांची कातडी पांढरी पडून सुरकुतलेली, मनगटं फुटलेली. हात धुतला की नाही, वारा सरला की नाही, थेंब आला की नाही. याला वसवसा म्हणतात. यावर फिकहचा, म्हणजे धर्माच्या नियमशास्त्राचा, कायदा साधा आहे: खात्री शंकेने जात नाही. वुजू केल्याची खात्री आणि मोडल्याची नुसती शंका असेल, तर वुजू आहे. मोडल्याची खात्री आणि केल्याची शंका असेल, तर नाही. नमाजेत पोटात हलल्यासारखं वाटलं तर आवाज किंवा वास आल्याशिवाय नमाज सोडू नका, हे खुद्द पैगंबरांचं (स.) सांगणं. थेंबाच्या शंकेवर इस्तिंजानंतर कपड्याच्या त्या जागी थोडं पाणी शिंपडावं, म्हणजे ओल दिसली तरी ती पाण्याचीच समजता येते. तीनपेक्षा जास्त वेळा धुवायचं नाही. त्या मुलीला मी एक लिटरचा लोटा दिला आणि सांगितलं, यातलं पाणी संपलं की वुजू संपला. तिला डॉक्टरकडेही नेलं, कारण काही जणांत हा आजार असतो आणि त्यावर औषध आहे.

जमाअतीत वुजू गेला तर

लघवी किंवा वारा रोखून नमाजेला उभं राहू नका, हदीसमध्ये मना केलं आहे. आधी मोकळे होऊन या, जमाअतीची (सामूहिक नमाजेची) एक रकात (नमाजेची एक फेरी) गेली तरी चालेल. आणि नमाजेतच खात्रीने वुजू गेला, तर लोक काय म्हणतील म्हणून पुढे रुकू-सजदे करत राहू नका. सलाम न फेरता तिथून निघा. पैगंबरांनी (स.) सांगितलेली एक गोष्ट इथे नवख्यांना फार उपयोगी पडते: निघताना नाक धरावं. बघणाऱ्याला वाटतं घोळणा फुटला असेल, आणि माणसाची झाकली मूठ राहते. सफेच्या (रांगेच्या) कडेने बाहेर या, वुजू करा आणि परत येऊन नमाज पहिल्यापासून पढा.